बाबांचा हात, आणि ‘झालं’ म्हणायचा हक्क

तुला ‘तू’च म्हणते, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस. तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय सव्वीस, बी.एफ.ए. झालेली, वडील कोल्हापुरात ऑर्डरची पोर्ट्रेट करतात आणि तू लहानपणापासून त्यांच्याच हाताखाली शिकलीस. दोन महिन्यांपूर्वी एका ग्रुप शोमध्ये तुझ्या चित्रासमोर उभं राहून कुणीतरी हसत विचारलं, “बाबांचा हात लागलाय ना?” तेव्हापासून ब्रश हातात धरवत नाही. शेवटी तू तीन गोष्टी विचारल्यास. घर सोडू का? शैली बदलू का? बाबांना कामं दाखवणं बंद करू का?

मी गेली एकतीस वर्षं चित्रं काढते आणि शिकवते. माझे वडील बोर्ड पेंटर होते, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यामुळे हा प्रश्न मी दोन्ही बाजूंनी पाहिलाय, मुलगी म्हणून आणि शिक्षिका म्हणूनही. कलाकार आईवडिलांची बरीच मुलं माझ्याकडे शिकून गेली. कुणाचे वडील मूर्तिकार, कुणाचे फोटोग्राफर, एकीचे वडील तर नाटकांचे पडदे रंगवणारे. तुझा अनुभव ऐकून मला आश्चर्य वाटलं नाही, वाईट मात्र वाटलं, कारण दोन महिने हात बंद ठेवणं ही या वयात मोठी किंमत आहे.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. ‘बाबांचा हात लागलाय’ या वाक्यात दोन आरोप एकत्र आहेत. एक, तुझं काम बाबांसारखं दिसतं. दोन, हे काम तुझं नाहीच, त्यांनी येऊन केलंय. तुला कुठला झोंबला? तू लिहिलंस की बाबांनी त्या चित्राला हातही लावला नव्हता. मग दुसरा आरोप खोटाच ठरतो आणि खोटा आरोप माणसाला चिडवतो, दोन महिने गप्प बसवत नाही. गप्प बसवतं ते काहीतरी वेगळं. मला वाटतं, तुला स्वतःलाच शंका आली की हे चित्र मी काढलं तरी ते माझं आहे का. तुझा खरा प्रश्न हाच आहे आणि त्याचं उत्तर शैलीत सापडत नाही.

आता सारखेपणाबद्दल. तू त्यांच्याकडे शिकलीस म्हणजे त्यांची पॅलेट, म्हणजे त्यांचे ठरलेले रंग, तुझ्याकडे येणारच. पिवळा ऑकर, लाइट रेड, पांढरा, सावलीत थोडा हिरवा, गालापेक्षा कपाळ थंड, कानाची पाळी गरम. ब्रश कुठे धरायचा, पुसायचं कापड कुठल्या हातात ठेवायचं, मागे जाऊन डोळे बारीक करून कधी बघायचं, हे सगळं तू विचार न करता करतेस आणि ते सगळं त्यांचं आहे. भाषा आईवडिलांची असते तसंच हे. आईच्या तोंडची मराठी बोलते म्हणून कुणी मुलीला ‘तुझं स्वतःचं बोलणं कुठंय’ असं विचारत नाही.

त्यात आणखी एक गुंता आहे. ऑर्डरची पोर्ट्रेट करणाऱ्या माणसाची शैली पूर्ण त्याची नसते. फोटोवर चौकोन पाडून मोठं करायचं, घरच्यांनी “थोडे गोरे करा, थोडे हसरे करा” म्हणायचं, पार्श्वभूमी गडद ठेवायची म्हणजे हार घातला की चेहरा उठून दिसतो. तीस वर्षं हे केलं की हात तसा वळतो. म्हणजे तू ज्याला बाबांची शैली समजतेस त्यात निम्मा वाटा त्यांच्या गिऱ्हाइकांचा असेल. एक दिवस बाबांची स्वतःसाठी केलेली कामं काढून बघ. ऑर्डर नसताना केलेली स्केचेस, रंकाळ्यावर बसून केलेली एखादी जलरंगातली भिजट संध्याकाळ. प्रत्येक कमर्शियल माणसाच्या कपाटात असा एक गठ्ठा असतो. तो बघितल्यावर त्यांच्यातलं नक्की काय तुझ्यात आलंय आणि गिऱ्हाइकाचं काय आलंय, हे तुला वेगळं दिसायला लागेल.

तुला झोंबलेला आरोप फार जुना आहे. आर्तेमिसिया जेंतिलेस्की ही इटालियन चित्रकर्ती वडिलांच्या, ओराझिओच्या, कार्यशाळेत शिकली. सतराव्या वर्षाच्या सुमारास, १६१० मध्ये, तिने ‘सुझाना आणि वृद्ध’ हे चित्र केलं, त्यावर सही केली, वर्ष घातलं. तरी त्यात वडिलांचा हात किती आणि तिचा किती यावर अभ्यासक चारशे वर्षांनंतरही वाद घालतात. विषय बायबलमधला, अनेकांनी रंगवलेला: न्हाणाऱ्या बाईवर दोन म्हातारे टपून बसलेत. तिच्या चित्रात ती बाई अंग आखडून, मान वळवून, हात वर करून त्यांना झिडकारते आहे. कातडीचा रंग वडिलांकडून शिकलेला, प्रकाशही. पण त्या शरीराला काय वाटतंय, हे त्या मुलीने ठरवलं. माझ्यासाठी वाद तिथे संपतो. पुढे ती फ्लॉरेन्सला गेली, १६१६ मध्ये तिथल्या कलाकारांच्या अकादमीत सभासद झालेली ती पहिली बाई. आणि पुढचं मला फार आवडतं: वडिलांच्या उतारवयात त्यांच्याकडे लंडनला राजघराण्याचं काम होतं तेव्हा ती तिथे गेली, आणि तिथल्या एका छताच्या चित्रांत तिचाही हात होता असं बरेच अभ्यासक मानतात. आपला हात ठाम झाल्यावर बापाशेजारी उभं राहून काम करायला तिला अडचण वाटली नसावी.

आता माझं सांगते, कारण मी जे सांगणार आहे ते पुस्तकातून आलेलं नाही.

माझे वडील पाटी रंगवायला घेतली की आधी दोरीला खडूची पूड चोळायचे. एक टोक मी धरायचे, एक ते, आणि मधे दोरी उचलून सोडायचे. ‘टप्’ असा आवाज यायचा आणि पत्र्यावर पांढरी सरळ रेघ उमटायची. मग हाताखाली काठी घेऊन एनॅमलमध्ये अक्षरं. मी आठ-नऊ वर्षांची असेन, ‘किराणा व भुसार’ अशी पाटी चालली होती. मी म्हटलं, अक्षरं किती छान येतात तुमची. ते म्हणाले, “अक्षर नको बघू गं, मधली जागा बघ. ‘ट’ पोटाशी मोकळा, ‘म’ भरलेला. दोघांच्या बाजूला पट्टीने सारखं माप ठेवलंस तर डोळ्याला सारखं दिसत नाही. जागा रंगव, अक्षर आपोआप बसतं.”

मी पुढे रीतसर शिकले, पाट्यांपासून लांब गेले, तैलरंगात माणसं आणि घरांचे आतले भाग रंगवायला लागले. वडिलांचं माझ्यात काही उरलं नाही अशी माझी समजूत होती, आणि खरं सांगते, त्याचा थोडा अभिमानही होता. बेचाळिसाव्या वर्षी माझ्या एका प्रदर्शनाची चित्रं लावत असताना एक विद्यार्थी म्हणाला, “मॅडम, तुम्ही आधी माणूस काढतच नाही. मागची भिंत काढता, मग भिंतीने सोडलेल्या जागेत माणूस बसतो.” मी ओळीने सगळी चित्रं बघितली. एकूण एक तसंच. जागा रंगव, अक्षर आपोआप बसतं. वडिलांचा एकही फटकारा माझ्या कामात नव्हता, तरी तो सगळा विचार त्यांचाच होता. त्या दिवशी मला आनंद झाला, इतका की मी घरी फोन करून आईला सांगितलं. वडील तेव्हा नव्हते.

म्हणजे प्रभाव जिथे शोधतो तिथे बऱ्याचदा नसतो. म्हणूनच ‘शैली बदलू का’ या प्रश्नाला मी ‘नको’ म्हणते. मुद्दाम बदललेली शैली बाबांपासून पळण्यासाठी घेतलेली असते, आणि पळणारा माणूस सारखं मागे बघत असतो. तू उद्या चाकूने जाड रंग थापायला लागशील, अमूर्त करायला लागशील, तरी आतला प्रश्न तिथेच राहील.

माझी दुसरी आठवण तितकी गोड नाही. एकोणिसाव्या वर्षी मी आजीचं पोर्ट्रेट केलं, तैलरंगात. एका प्रदर्शनाला पाठवायचं होतं. संध्याकाळी चित्र कपाटाला टेकवून ठेवलं आणि झोपले. सकाळी बघते तर आजीच्या उजव्या डोळ्यात एक ठिपका आणि कानाच्या पाळीवर एक उबदार कड, तेवढाच भाग ओला चमकत होता. वडिलांनी रात्री बसून लावला होता. वाईट म्हणजे, चित्र सुधारलं होतं. त्यांनी काही म्हटलं नाही, मीही काही म्हटलं नाही. चित्राला बक्षीस मिळालं. बक्षीस देताना कुणीतरी आजीच्या डोळ्यांतल्या जिवंतपणाबद्दल बोललं.

वडिलांनी ते प्रेमाने केलं, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती. पोरीच्या शर्टाची कॉलर नीट करावी तसं. पण त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं मला कुठलंच चित्र संपवता येईना. नव्वद टक्के करायचे आणि ठेवून द्यायचे. आत कुठेतरी वाट बघत असायचे की रात्री कुणीतरी येईल आणि तो ठिपका लावेल. ते चित्र आता माझ्या भावाकडे आहे. जेव्हा जाते तेव्हा आजी दिसते, हातावरच्या शिरा दिसतात, त्या माझ्या. तो ठिपका आजही परका वाटतो.

सांगायचा मुद्दा हा. वडिलांकडून हात येतो, नजर येते, ती खुशाल येऊ दे. एकच गोष्ट त्यांच्याकडे राहिली तर मुलाचं काम अडतं: ‘झालं’ असं म्हणायचा हक्क. चित्र कधी पुरं झालं, कुठे थांबायचं, कुठली चूक तशीच ठेवायची, हे दुसरा कुणीतरी ठरवत असेल तर ते चित्र तू एकटीने खोलीत कडी लावून काढलं असलंस तरी पूर्ण तुझं नाही. आणि हा हक्क बाबा स्वतःकडे ठेवतात असं नाही. बऱ्याचदा आपणच तो त्यांच्या हातात देऊन बसतो.

माझ्याकडे एक मुलगा शिल्पकला शिकायला यायचा. घरचा गणपतीचा कारखाना. या कारखान्यांतली पद्धत तुला माहीत असेल. साच्यातून काढणं, जोड बुजवणं, घासणं, अंगाचा रंग ही कामं घरातली पोरं, कारागीर, कुणीही करतं, पण डोळ्यांची आखणी सगळ्यात मुरलेला हात करतो. त्याच्या घरी आखणी वडील करायचे. हा मुलगा मातीत माणसांची डोकी फार सुंदर करायचा. गाल, जबडा, मानेची शीर, सगळं ठाम. डोळ्यांच्या जागी मात्र नुसते खळगे. वर्षभर सगळे म्हणत होते, काय वेगळी शैली आहे. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं. मग एके दिवशी मी त्याला विचारलं, “घरी मूर्तीचे डोळे तू कधी केलेस?” तो म्हणाला, “नाही मॅडम, आखणी बाबांची.” आणि बोलता बोलता स्वतःच थांबला.

मी त्याला सांगितलं, पुढचं डोकं करशील त्यात डोळे आधी कर. नाक नाही, कवटी नाही, मातीचा गोळा घे आणि आधी डोळे. तीन डोकी बिघडली. चौथ्यात डावा डोळा जरा जड झाला, पापणी झुकलेली. तो मोडायला निघाला होता. मी विचारलं, “हे चुकलंय असं कोण म्हणतंय, तू की आखणीवाला?” तो बराच वेळ बघत उभा राहिला. ते डोकं त्याने ठेवलं. आणि त्या वर्षी भाद्रपदात घरी गेल्यावर वडिलांकडून आखणी शिकून घेतली, हेही मला महत्त्वाचं वाटतं. तो कारखान्यापासून तुटला नाही.

तुझा ‘खळगा’ कुठला आहे ते शोध. तुझ्या गेल्या दहा चित्रांकडे बघ आणि स्वतःला विचार, कुठल्या टप्प्याला मी थांबते आणि बाबांची चाहूल घेते? कुणाचं ते रेखाटन बरोबर बसलं का इथे असतं, कुणाचं शेवटच्या हायलाइटपाशी, म्हणजे चमकेच्या ठिपक्यापाशी. कुणाचं तर विषय निवडतानाच असतं: बाबांना हे रंगवण्याजोगं वाटेल का, असा विचार येतो आणि अर्धे विषय तिथेच मरतात. हे शेवटचं सगळ्यात कठीण, कारण ते कॅनव्हासवर दिसत नाही.

काम दाखवण्याबद्दल. बंद करू नकोस, वेळ बदल. आत्ता तू अर्धं चित्र दाखवत असणार. इथून पुढे सही करून झाल्यावर दाखव. मी विद्यार्थ्यांना एक सवय लावते: आपल्याला झालं वाटलं की मागच्या बाजूला तारीख आणि वेळ लिहायची, सही करायची आणि चित्र पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. पंधरा दिवसांनी उलटवल्यावर काही बदलावंसं वाटलं तर बदला, पुन्हा तारीख लिहा. त्यानंतर कुणालाही दाखवा, बापाला, गुरूला, शेजाऱ्याला. ते म्हणतील, नाकाची सावली जड झाली. तू म्हणशील, पुढच्या वेळी लक्षात ठेवीन. या चित्रात ती जड सावली तशीच राहील. पहिल्या दोन-तीन वेळा फार त्रास होतो, हात शिवशिवतो. होऊ दे.

तंत्राचे प्रश्न मात्र कधीही, कितीही विचार. प्रायमर कसा, तेल किती, व्हार्निश कधी. तीस वर्षांचा अनुभव घरात असताना बाहेर क्लास लावून तेच शिकणं हा वेडेपणा आहे. ‘हे कसं करतात’ हा प्रश्न बाबांना. ‘हे चांगलं झालंय का’ हा प्रश्न काही काळ स्वतःला.

याशिवाय एक माध्यम असं घे ज्यात बाबांचा हात चालत नाही. हे शैली बदलण्यापेक्षा वेगळं आहे, त्यात आव आणावा लागत नाही. याचं माझं लाडकं उदाहरण अमेरिकेतल्या वायेथ घराण्याचं. वडील एन. सी. वायेथ पुस्तकांतल्या चित्रांसाठी नावाजलेले, मोठमोठी तैलचित्रं, चाचे, तलवारी, वादळं. मुलगा अँड्र्यू लहानपणी अशक्त, म्हणून शाळाही घरीच, आणि चित्रकलेचा मुख्य गुरू बाप. त्या बापाने त्याच्याकडून खडूस शिस्तीने रेखाटन करून घेतलं. अँड्र्यू मात्र पुढे जलरंगाकडे वळला आणि अंड्याच्या बलकातला टेम्परा शिकला तो मेहुण्याकडून, पीटर हर्डकडून. टेम्परा पटकन वाळतो, बारीक बारीक रेघांनी थर चढवावे लागतात. वडिलांचा भरघोस फटकारा तिथे मारताच येत नाही. रेखाटनाची शिस्त मात्र तीच राहिली, आणि प्रसंगातलं नाट्यही, फक्त तलवारींच्या जागी रिकामं शेत आणि वाळलेलं गवत आलं. पुढच्या पिढीतही गंमत बघ, अँड्र्यूचा मुलगा जेमी चित्रकार झाला, तो लहानपणी शिकला आत्याकडे, कॅरोलिन वायेथकडे. पायाचे धडे बापाने नाही, आत्याने दिले. मला तो शहाणपणा वाटतो. तुलाही सुरुवात करायला सहा महिने कोळसा, किंवा लिनोकट, एचिंग अशी छापाची चित्रं, जे जवळ मिळेल ते पुरे. परत तैलरंगाकडे येशील तेव्हा हातात काहीतरी वेगळं घेऊन येशील.

घर सोडण्याबद्दल मी लांबून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकत नाही, ते परिस्थितीवर आहे. बाबा नुसतं बोलतात की हातातून ब्रश घेतात? त्यांच्या ऑर्डरमध्ये तू काम करतेस का आणि सही त्यांची असते का? पैसे वेगळे मिळतात का? स्टुडिओ एकच आहे का? ते बोलतात ते शिकवण्यासाठी की चारचौघांत कमी दाखवण्यासाठी? हे शेवटचं असेल, रोज पाणउतारा होत असेल, तर मी वर लिहिलेलं बाजूला ठेव आणि खरंच वेगळी खोली बघ, तिथे प्रश्न कलेचा राहत नाही. पण तुझ्या लिहिण्यावरून तसं वाटलं नाही. तू त्यांच्याबद्दल फार मायेने लिहिलंयस. तर मग घर नको, निदान जागा वेगळी कर. माळ्यावरची, मैत्रिणीच्या गच्चीतली, चार बाय सहाची का असेना. आणि ऑर्डरचं काम व तुझं काम एका इझलवर, चित्र टेकवायच्या एकाच स्टँडवर, ठेवू नकोस. ऑर्डरमध्ये मदत करतेस तर मजुरी ठरवून घे. मजुरी घेतली की ते काम बाबांचं आणि बाकीचं आपलं, अशी रेघ मनातही पडते.

कुणी म्हणेल, वडिलांच्या छायेत राहणं म्हणजे आयुष्य वाया घालवणं. इथे मला अंबिका धुरंधरांबद्दल लिहायलाच हवं, तुझ्या गावाशी धागा आहे. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर मूळचे कोल्हापूरचे, जन्म १८६७, १८९० मध्ये मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले आणि विद्यार्थी, शिक्षक, पुढे मोठे पदाधिकारी म्हणून तिथे १९३१ पर्यंत राहिले. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचं नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. त्यांची मुलगी अंबिका, जन्म १९१२, त्याच संस्थेत शिकली, १९३१ मध्ये डिप्लोमा घेतला. त्या काळात एका मराठी मुलीने चित्रकलेचा डिप्लोमा घेणं काय असेल याचा विचार कर. वडिलांसारखंच वास्तववादी वळण, पुराणातले, इतिहासातले प्रसंग. लग्न केलं नाही. १९४४ मध्ये वडील गेले, त्यानंतर २००९ पर्यंत, म्हणजे पासष्ट वर्षं, ती जगली आणि वडिलांचा चित्रांचा ठेवा तिने जपला. आज आपल्याला धुरंधरांची इतकी चित्रं बघायला मिळतात त्यात तिचा मोठा वाटा आहे.

‘बापाच्या सावलीत राहिली’ असं तिच्याबद्दल म्हणणारे मी ऐकलेत. मला ते पटत नाही. वडिलांची परंपरा पुढे नेणं हासुद्धा निर्णय असू शकतो, आणि तो कुणी समजून उमजून घेतला असेल तर त्यात कमीपणा नाही. तुला उद्या असं वाटलं की मला हेच करायचंय, बाबांचंच पोर्ट्रेटचं काम मला आवडतं, मला ते पुढे न्यायचंय, तर खुशाल ने. फक्त ते तुला भिऊन किंवा सवयीने करायला लागू नये. सव्वीस हे ठरवायचं वय नाही, चाळिशीपर्यंत बघ.

त्या प्रदर्शनातल्या माणसाला काय सांगायचं? पुढच्या वेळी कुणी विचारलं, “बाबांचा हात लागलाय ना?” तर सरळ सांग, “शिकले त्यांच्याकडेच. हे चित्र माझं आहे.” एवढंच. खुलासा करत बसू नकोस, चिडूही नकोस. चित्राच्या मागे तू लिहिलेली तारीख असेलच.

हे सगळं लांबलं, पण एक काम सांगून थांबते, ते तू याच महिन्यात करावंस असं मला मनापासून वाटतं. १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये एन. सी. वायेथची गाडी घराजवळच्या रेल्वे फाटकावर आगगाडीखाली सापडली. ते गेले, बरोबरचा छोटा नातूही गेला. अँड्र्यूला आयुष्यभर हळहळ राहिली ती ही की आपण वडिलांचं पोर्ट्रेट कधी केलंच नाही. त्यानंतर त्याने ‘विंटर १९४६’ केलं, त्यात एक पोरगा हिवाळ्यातल्या तपकिरी टेकडीवरून खाली पळतोय. त्या टेकडीच्या पलीकडेच ते फाटक. वडिलांचं चित्र करायचं राहिलं, ते त्याने त्या टेकडीत केलं असं तो सांगायचा. माझ्याकडेही माझ्या वडिलांचं एकच चित्र आहे, दवाखान्यात पेन्सिलने काढलेला हात, तेवढाच.

बाबांना समोर बसव. फोटोवरून नाही, समोर. डावीकडच्या खिडकीचा उजेड, सकाळची वेळ, चाळीस मिनिटांची बैठक आणि दहा मिनिटं विश्रांती, अशा पाच-सहा बैठका घे. त्यांना आधीच सांग की मॉडेलने इझलच्या या बाजूला यायचं नाही. आयुष्यभर ते माणसांना बसवून ‘मान जरा वर, हां, हलू नका’ म्हणत आले, यावेळी ते तू म्हणायचं. ते बसल्या बसल्या सूचना देतील, कपाळ जपून कर, चष्म्याची चमक शेवटी. ऐकून घे, चहा दे. पाचव्या-सहाव्या बैठकीला ते विचारतील, “झालं का गं?”

उत्तर देण्याआधी मागे जाऊन, डोळे बारीक करून नीट बघ.